समुद्रपूरचं ऊन

आमच्या ऑफिसात सकाळी कुणी कुणाला नमस्कार करत नसे. दार उघडून आत पाऊल टाकलं की स्क्रीनवरची नजर न काढता सर विचारायचे, "सेव्ह केलं का?" आता जिने नुकत्याच चपला काढल्यात तिने काय सेव्ह केलेलं असणार? पण "हो सर" म्हणायचं. नाही म्हटलं तर त्यांचा चेहरा असा उतरायचा की आपणच घरी गॅस चालू ठेवून आलो की काय, असं वाटायला लागायचं.

नोकरीला लागले तेव्हा मी मोठी शांत मुलगी होते, असं माझी आई अजून सांगते. आज मला नागपूरला जायचं असलं तर गाडीच्या कितीतरी आधी मी वर्धा स्टेशनावर असते. तिकीट पर्समध्ये आहे ना, हे फलाटावर पाहते, डब्यात पुन्हा पाहते, आणि गाडी सुटली की दाराला कुलूप लावलं होतं का हे आठवत बसते. हे सगळं सरांकडून आलं. कामही त्यांनीच शिकवलं, पण अंगात मुरली ती काळजी.

आमचं ऑफिस आर्वी नाक्याच्या अलीकडे, एका मेडिकलच्या वर. सर सिव्हिल इंजिनिअर. शाळा, दवाखाने, कापसाच्या जिनिंगच्या शेड, कुणाचं घर, अशी कामं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी ड्रॉइंग बोर्डावर वाकून काढली आणि पन्नाशीच्या आसपास ते कॉम्प्युटरकडे वळले. इमारत जमिनीवर बांधायच्या आधी ती अख्खी कॉम्प्युटरवर उभी करायची, आत फिरून पाहायचं, पाइप तुळईला आपटतो का, जिन्यात डोकं लागतं का, ऊन कुठून येतं, हे सगळं विटेला हात लावायच्या आधी कळतं, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं. जे जे चुकू शकतं ते आधीच दाखवणारं यंत्र! काळजी करणाऱ्या माणसाला याहून काय हवं? त्यांना वाटलं, आता आपण सुटलो.

झालं उलटंच. आधी ते फक्त इमारतीची काळजी करायचे. आता इमारतीची आणि कॉम्प्युटरची, अशी दोघांची करायला लागले.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. सरांचं तोंड कधी पोळलेलं नव्हतं, तरी ते पाणीसुद्धा फुंकून प्यायचे. एकदा मी काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, विचारलं की सर पहिल्यापासून असेच का. काकू ऑफिसात डबा घेऊन यायच्या. त्या म्हणाल्या, "लग्नात मंगलाष्टकं चालू होती ना, तवा हे मांडवाचा खांब हालवून पाहून राह्यले होते. माह्या बापानं विचारलं, जावईबापू, काय झालं? तं म्हणे, काई नाई, जरा पोकळ वाटून राह्यला. तवाच समजून घ्यायले पायजे होतं मले."

"मग? खांब पोकळ होता?" मी विचारलं.

"होता थोडासा," काकू म्हणाल्या. "हेच तं वाईट झालं. तवापासून यायले वाटते, आपलंच खरं."

सरांची एक गंमत होती. क्लायंटशी बोलताना त्यांची भाषा अगदी पुस्तकी असायची. "आपण याचा विचार करूया", "हे उचित होईल", असं. काळजीने घेरलं की मात्र सरळ वऱ्हाडी. त्यामुळे फोनवर ते काय बोलताहेत यापेक्षा कसं बोलताहेत यावरून काम कुठपर्यंत बिघडलंय ते मला टेबलावर बसून कळायचं.

इमारतींच्या सॉफ्टवेअरवर कॉन्फरन्स भरतात. नागपूर, पुणे, हैदराबाद, कुठेही असो, सर जायचेच. मला घेऊन जायचे, कारण "एकट्याने ऐकलं तर निम्मं राहून जाते." मोठ्या हॉटेलात हॉल, गारढोण एसी, गळ्यात नाव लटकवलेले टायवाले लोक, आणि त्यात आमचे सर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत काय, तर एक्स्टेन्शन बोर्ड. घरून नेलेला, त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव टाकलेलं. त्या पंचतारांकित हॉटेलात भिंतीला जागोजाग प्लग असायचे, पण सरांचा परक्या प्लगवर विश्वास नव्हता. मी लाजून दोन खुर्च्या सोडून बसायचे. आणि दुपार झाली की तेच टायवाले एकेक करून आमच्या रांगेकडे सरकायचे, "सर, जरा चार्जर लावू का?" सर प्रत्येकाला लावू द्यायचे, फक्त आधी विचारायचे, "सेव्ह केलंय ना?"

तिथे भाषण संपलं की प्रश्न विचारायला सांगतात. सरांचा हात सगळ्यांत आधी वर. प्रश्न कायम एकच. कुणी अख्खं विमानतळ दाखवो, कुणी चाळीस मजली इमारत डोळ्यांसमोर उभी करो, सर उठून माइक घ्यायचे आणि म्हणायचे, "फारच सुंदर. पण लाईट गेली तर?"

हॉल हसायचा. पुढे पुढे तर त्यांनी हात वर केला की प्रश्नाआधीच हसायचा. "वर्ध्याचे लाईट गेली तर" असंच त्यांचं नाव पडलं होतं. चहाच्या वेळी तरुण पोरं त्यांच्या मागे उभी राहून ते वाक्य त्यांच्याच आवाजात म्हणायची. सरांना ते ऐकू यायचं. ते कपात बघत राहायचे. मला त्या पोरांचा राग यायचा आणि सरांचाही यायचा. कशाला विचारतात दरवेळी तेच?

परतीच्या गाडीत एकदा त्यांनीच सांगितलं. म्हणाले, "मले एकदा तिथून बोलायचं आहे. समोरून. मंग पाहू कोणी हासते का."

दरवर्षी ते आपल्या कामाचं टिपण पाठवायचे आणि दरवर्षी अतिशय नम्र शब्दांत नकार यायचा. मेल आली की ते मला वाचायला सांगायचे. स्वतः खिडकीशी उभे राहून खालच्या मेडिकलच्या पाटीकडे बघत राहायचे.

आणि मग समुद्रपूरचं काम आलं. तिथे एका ट्रस्टचा छोटासा धर्मादाय दवाखाना आहे. पेशंट आत, पण त्यांच्याबरोबरची माणसं बाहेर अंगणात थांबायची. आसपासच्या खेड्यांतून एसटीने आलेली, गाठोडी, डबे घेऊन. आमच्याकडचा उन्हाळा. पत्र्याखाली बसलं तर भट्टी, उघड्यावर बसलं तर मरण. दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर मॅडम सरांना म्हणाल्या, "मला यांना सावली द्या. वारा अडवू नका, फक्त सावली द्या."

सर त्या कामाने झपाटले. त्यांनी पत्रा काढूनच टाकला. त्याऐवजी वर चौकट, आणि चौकटीत ओळीने लोखंडी पट्ट्या, फळीवर पुस्तकं उभी ठेवावीत तशा उभ्या. वारा, उजेड मधून येईल आणि ऊन पट्ट्यांवर अडेल. कॉम्प्युटरवर त्यांनी मे महिन्यातली दुपार लावून पाहिली. ऊन दक्षिणेकडून तिरपं येत होतं, एका पट्टीची सावली पुढच्या पट्टीच्या पायाशी पडत होती आणि खाली बाकांवर गार, अखंड सावली. दिवसभराचं ऊन सरकताना दाखवणारी एक छोटी फिल्मही निघाली. ती फिल्म सरांनी कॉन्फरन्सला पाठवली.

यावेळी होकार आला.

मी मेल मोठ्याने वाचली. सर खिडकीशी होते. न वळताच म्हणाले, "पुन्हा वाच. 'नॉट' हा शब्द राहून गेला नाई ना?"

कॉन्फरन्स नागपूरला होती, मेच्या शेवटी. आमच्या नागपुरात मेमध्ये हॉल सहज मिळतो, कारण बाहेरचा शहाणा माणूस तेव्हा नागपुरात पाऊल टाकत नाही. सरांनी भाषण इंग्रजीत लिहून पाठ केलं. काकू समोर बसून ऐकायच्या. इंग्रजी त्यांना फारसं कळत नसे, पण कुठे अडखळले ते बरोबर सांगायच्या. पेनड्राइव्ह तीन केले. एक सरांच्या खिशात, एक माझ्या पर्समध्ये, एक काकूंच्या कुंकवाच्या डबीशेजारी, घरीच. "नागपुरात दोन्ही हरवले तर काकूंकडचा काय कामाचा?" असं मी विचारलं. सर म्हणाले, "निदान एक तरी घरी राहीन ना."

एक गोष्ट त्यांनी फार हौसेने जमवून आणली होती. त्याच दिवशी समुद्रपूरला वेल्डर पट्ट्या बसवणार होता. दुपारपर्यंत अर्धीअधिक शेड होईल, त्याचा फोटो वेल्डरने मोबाइलवर पाठवायचा, आणि तो भाषणाच्या शेवटी दाखवायचा. आधी कॉम्प्युटरवरची सावली, मग खरी सावली. आयुष्यभर दुसऱ्यांना 'लाईट गेली तर' विचारणाऱ्या माणसाला एकदा असं काही दाखवायचं होतं ज्यावर कुणी काही विचारूच शकणार नाही.

आम्ही पहिल्या गाडीने गेलो आणि हॉल उघडायच्या आधी पोचलो. झाडणारे लोक आमच्या पायांखालून झाडून गेले. सरांचं भाषण जेवणानंतरचं पहिलं. सकाळची सगळी भाषणं त्यांनी ऐकली की नाही कोण जाणे. एकदाही हात वर केला नाही. लोक वळून वळून बघत होते.

जेवणाच्या सुट्टीला नुकती सुरुवात झाली होती. सरांनी ताटात फक्त दहीभात घेतला होता. मोबाइल वाजला. वेल्डरचा फोटो.

सरांनी फोटो पाहिला. ताट बाजूच्या टेबलावर ठेवलं. मोबाइल माझ्या हातात दिला.

फोटोत पट्ट्या छान सरळ, ओळीने बसल्या होत्या. आणि खाली बाकांवर, फरशीवर, ऊनच ऊन. पट्ट्यांच्या नुसत्या बारीक काळ्या रेघा आणि मधे लख्ख पांढरे पट्टे. सावली कुठेच नव्हती. वेल्डरने खाली लिहिलं होतं, 'काम एकदम ओके'.

"सर, फोटो वेगळ्या वेळी काढला असेल," मी म्हटलं. मला स्वतःलाच ते पटलं नाही.

सर काचेचं दार ढकलून बाहेर हॉटेलच्या अंगणात गेले. मी मागोमाग. बाहेर अंगाला आग लागत होती. सर टळटळीत उन्हात मधोमध उभे राहिले आणि मान खाली घालून आपल्या पायांकडे बघायला लागले. मला वाटलं, यांना भोवळ येतेय.

"माही सावली कुठी आहे?" ते म्हणाले.

सावली नव्हती. म्हणजे होती, बुटांखाली. आमच्याकडे मेच्या शेवटी दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. उभ्या पट्ट्यांमधून सरळ वरून येणारं ऊन सरळच खाली पडणार. तिरपं आलं तरच अडणार. आणि आमच्या फिल्ममध्ये मेच्या भर दुपारी खांबांच्या सावल्या चांगल्या हातभर लांब होत्या. कित्येक आठवडे आम्ही त्या बघत होतो आणि काय छान दिसतात म्हणत होतो. चित्रात सावली लांब असली की इमारत उठून दिसते ना!

आत येऊन सरांनी लॅपटॉप उघडला. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक कोपऱ्यातला चौकोन असतो, सहसा कुणी उघडत नाही. इमारत पृथ्वीवर कुठे उभी आहे ते तिथे सांगायचं. सरांनी तो उघडला. नकाशा आला. आमचा समुद्रपूरचा दवाखाना अमेरिकेतल्या एका शहरात उभा होता, जिथे हिवाळ्यात गुडघाभर बर्फ पडतं. आपण काही सांगितलं नाही तर सॉफ्टवेअर प्रत्येक इमारत तिथेच उभी करतं.

नवं काम सुरू करायचं तर आम्ही सगळे एका कोऱ्या फाइलची नक्कल घ्यायचो. ती फाइल सरांनी स्वतः बनवलेली. रेघांची जाडी, अक्षरांचा आकार, सगळं त्यांच्या मनासारखं बसवलेलं. विरजण जपावं तशी ती ऑफिसात वर्षानुवर्षं जपलेली. तिच्यात गावाचं नाव टाकायचं राहून गेलं होतं. उन्हाचा हिशोब आम्ही याआधी कधी मांडलाच नव्हता, म्हणून कधी बाधलंही नव्हतं.

जगात जे जे चुकू शकतं ते सगळं त्या माणसाने तपासलं होतं. स्वतःच्या डोक्यावरचा सूर्य तेवढा तपासला नव्हता. कोण तपासतो?

भाषणाला अवकाश होता, पण फार नव्हता. हॉलमध्ये लोक पाणी पिऊन परत यायला लागले होते. मी म्हटलं, "सर, उन्हाचा भाग काढून टाकू. फिल्म नको, फोटो नको. बाकी पुष्कळ आहे. पाइपांचं दाखवा, चौकटीचं दाखवा. इथे कुणाला कळणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला अपेक्षा होती घाम, धाप, थरथर. ती सगळी माझ्याकडे आली होती. सरांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका स्थिर होता.

"इथं नाई कळन," ते म्हणाले. "जो तिथं बाकावर बसन, त्याले कळन ना व."

मग त्यांनी वेल्डरला फोन लावला. शांतपणे म्हणाले, "भाऊ, काम थांबवजो. नाई, तुहं नाई चुकलं. तुहं बराबर आहे. माहं चुकलं." मग डॉक्टर मॅडमना फोन. तो मला ऐकू आला नाही. भिंतीकडे तोंड करून ते बोलत होते आणि मधे मधे मान हलवत होते.

त्यांचं नाव पुकारलं. ते व्यासपीठावर चढले. पाठ केलेलं इंग्रजीतलं पहिलं वाक्य म्हणाले आणि थांबले. पुढचं वाक्य आलंच नाही. हॉलमध्ये कुणीतरी खुसखुसलं. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. उठून पळून जावंसं वाटलं.

सरांनी कागद घडी करून खिशात ठेवला. पडद्यावर फिल्म लावली. गार सावलीची. ती पूर्ण होऊ दिली. मग म्हणाले, "हे आमच्या कॉम्प्युटरनं सांगितलं होतं." आणि शेजारी वेल्डरचा फोटो लावला. "आणि हे आजची दुपार. समुद्रपूर, जिल्हा वर्धा."

हॉल हसला नाही. लोकांना कळायला वेळ लागत होता.

"चूक माही आहे," सर म्हणाले. "मी माह्या गावच्या लोकायले बर्फाच्या गावची सावली देऊन राह्यलो होतो. मे महिन्यात ऊन कुठून येते हे मले जलमापासून माहीत आहे. पण स्क्रीनवर दिसलं तं मी माह्या टाळूवर इश्वास ठेवला नाई." मग रांगांकडे हात करून, "तुमच्यापैकी ज्यायच्याजवळ लॅपटॉप आहे त्यायनं उघडा. आपली इमारत कोण्या गावी उभी आहे, ते पाहून घ्या. मी थांबतो."

आणि ते खरंच थांबले. हात मागे बांधून. मला वाटलं, आता कुणी उठेल आणि म्हणेल, पुरे झालं. पण इथे एक लॅपटॉप उघडल्याचा आवाज आला, तिथे एक. मग पुष्कळ. सगळा हॉल खाली मान घालून बसला. टिकटिक, टिकटिक. मग टिकटिकही थांबली. तिसऱ्या रांगेतून एक जाडसर माणूस अगदी हळू आवाजात म्हणाला, "सर, माझी शाळा पण तिथेच आहे." कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच गप्प झाला. अध्यक्ष म्हणून बसलेले पुण्याचे टायवाले गृहस्थ आपल्या लॅपटॉपकडे बघत होते, आणि त्यांनी टाय जरा सैल केला.

शेवटी प्रश्नांची वेळ आली. मागच्या रांगेतून एका तरुणाने हात वर केला. नक्कल करणाऱ्या पोरांपैकीच एक. सवयीने की गंमत म्हणून, तो म्हणाला, "सर, लाईट गेली तर?"

सर म्हणाले, "लाईट जाईन, बाप्पा. ऊन कुठी जाते?"

यावर हॉल हसला, पण ते हसू वेगळं होतं. टाळ्याही वाजल्या. सर खाली उतरले, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि लगेच खिसे चाचपायला लागले. "पाणी दे," म्हणाले. "पेनड्राइव्ह काढून घेतला का व? बोर्ड कोणी नेला तं नाई?" मी दोन्ही दाखवले. माझ्या जिवात जीव आला, कारण हे माझे ओळखीचे सर होते.

डॉक्टर मॅडम रागावल्या नाहीत असं म्हणता येणार नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही समुद्रपूरला गेलो, तेव्हा त्या शेडखाली उन्हाच्या पट्ट्यांत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, हे मला एखाद्या पेशंटनेसुद्धा सांगितलं असतं." सर म्हणाले, "हो मॅडम." पट्ट्या कापून काढल्या. पुन्हा बसवल्या त्या आडव्या कलत्या, कौलं एकावर एक येतात तशा, म्हणजे वरून पाहिलं तर फट दिसू नये. गावाचं नाव टाकून कॉम्प्युटरवर पुन्हा मेची दुपार लावून पाहिली. सावली होती. सरांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुह्यावर कोण इश्वास ठेवन आता?"

काम होईपर्यंत आभाळ भरून आलं. डोक्यावरचं ऊन गेलं. आता खरं काय ते पुढच्या मेमध्येच कळणार होतं. ते वर्ष कसं गेलं ते आम्हालाच ठाऊक. काकू म्हणायच्या, "झोपेत बोलून राह्यले, पट्टी, पट्टी." इतर कामं चालू होती, मेल येत होत्या. दोन कॉन्फरन्सांची तर बोलण्याची आमंत्रणं आली. सर गेले नाहीत. "आधी ते बाक पाहू दे," म्हणायचे. मीसुद्धा ऑफिसच्या गच्चीवर जाऊन आपल्या सावलीकडे बघायला शिकले होते.

मेचा शेवट आला. आम्ही सकाळच्या एसटीने समुद्रपूरला निघालो. सर एसटीत कधी झोपत नसत. ड्रायव्हरला डुलकी लागली तर कुणीतरी जागं पाहिजे, म्हणून. त्या दिवशीही ते पुढच्या सीटचा दांडा धरून ताठ बसले होते. हात ओला झाला की रुमालाने पुसायचे आणि पुन्हा धरायचे.

दवाखान्याच्या फाटकाशी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. सर फाटकातच थांबले. "तू पाहून ये," म्हणाले. "मले सांगजो."

"नाही सर. चला तुम्ही," मी म्हटलं. मीही घाबरले होते. एकटीने पाहायची माझी हिंमत नव्हती.

आम्ही शेडपाशी गेलो. अंगणातली माती पांढरी दिसत होती, डोळे उघडवत नव्हते. शेडखाली काळीशार सावली होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सरांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, वाकून बाकाला हात लावला. मग दुसऱ्या बाकाला. माझ्याकडे पाहिलं, पण तोंडावर काहीच नव्हतं. त्यांचा अजून विश्वास बसत नव्हता.

टोकाच्या बाकावर एक म्हातारी आडवी झाली होती. आत कुणीतरी तिचं असणार. पिशवी डोक्याखाली, पदर तोंडावर, चपला बाकाखाली नीट जोडून ठेवलेल्या. ती झोपली होती. मेच्या भर दुपारी, समुद्रपुरात, उघड्या अंगणात, एक म्हातारी घोरत होती.

सर तिच्याकडे बघत उभे राहिले. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू चाल," ते कुजबुजले. "उठन ते."

आम्ही चोरपावलांनी बाहेर आलो. डॉक्टर मॅडमना भेटायचंही राहिलं. परतीच्या एसटीत सर खिडकीशी बसले. त्यांनी तिकीट तपासलं नाही. ऑफिसला कुलूप लावलं होतं का, ते विचारलं नाही. हिंगणघाट यायच्या आधीच त्यांची मान माझ्या खांद्यावर कलली आणि ते झोपले. ड्रायव्हरच्या आरशात मला त्याचे डोळे दिसत होते. ते उघडे आहेत ना, हे मी वर्धा येईपर्यंत पाहत राहिले. त्या दिवशी सरांच्या वाट्याची काळजी मी केली.